विलंबाची व्याधी

इजिप्तमधील देर अल्-बहारी येथे मेंतुहोतेप दुसरा या राजाच्या मंदिराच्या आवारात ज्या राजस्त्रियांची थडगी सापडली, त्यांपैकी हेनहेनित नावाच्या एका तरुण स्त्रीच्या देहाचे परीक्षण कैरो येथील शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक डग्लस डेरी यांनी केले आणि त्याचा वृत्तान्त १९३५ साली प्रसिद्ध केला. सुमारे चार हजार वर्षे जतन होऊन राहिलेल्या त्या देहाचे कटीर अरुंद होते, योनिमार्ग भयंकर रीतीने फाटलेला होता, आणि त्या फाटीतून थेट मूत्राशयापर्यंत वाट झालेली होती. बाळंतपणात मूत्राशयाला होणाऱ्या दुखापतीचा याहून जुना पुरावा मनुष्यजातीच्या दप्तरात नाही. राजाच्या अंतःपुरातील वैभव, दासदासी आणि वैद्य यांपैकी कोणीही त्या अडलेल्या बाळंतिणीची सुटका करू शकले नाही. आणि पुढे चार हजार वर्षे, राजवाड्यात काय किंवा झोपडीत काय, तिच्यासारख्या असंख्य स्त्रियांच्या वाट्याला हेच भोग आले.

हे घडते कसे, ते प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. कारण या व्याधीचा सारा इतिहास त्या एका शारीरिक घटनेत साठविलेला आहे. मूत्राशय हे जघनास्थीच्या मागे आणि गर्भाशय व योनिमार्ग यांच्या पुढे, असे अगदी चिंचोळ्या जागेत वसलेले असते. बालकाचे मस्तक मातेच्या कटीरात अडकून बसले आणि कळा मात्र एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस चालूच राहिल्या, म्हणजे मस्तक आणि हाड यांच्या दरम्यान मूत्राशयाची भिंत सतत दाबली जाते, तेथील रक्तप्रवाह थांबतो आणि तेवढा भाग निर्जीव होतो. बालक बहुधा पोटातच दगावते. माता जगली, तर प्रसूतीनंतर तिसऱ्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास तो निर्जीव भाग गळून पडतो आणि तिथे नाडीव्रण, म्हणजे आरपार छिद्र, राहतो; त्या क्षणापासून मूत्र तिच्या इच्छेला न जुमानता रात्रंदिवस झिरपू लागते. कपडे ओले, अंथरूण ओले, त्वचा सोललेली, अंगाला न जाणारा दर्प. आणि त्यामागोमाग नवऱ्याने टाकणे, पंक्तीतून उठविणे, देवळाच्या पायरीवरून परत पाठविणे हे सारे ओघाने येतेच.

दुसरा प्रकार याहून आकस्मिक असतो. त्यात मूत्राशय झिजत नाही, फाटते. गर्भाशय फुटताना त्याच्या सोबत ते फाटते, चिमट्यासारख्या हत्याराने त्याला इजा होते, किंवा पूर्वीच्या शस्त्रक्रियेमुळे गर्भाशयाला चिकटून बसलेले मूत्राशय पुढच्या शस्त्रक्रियेत कापले जाते. क्वचित सरळ वाटणाऱ्या प्रसूतीनंतरही ते फुटल्याची उदाहरणे वैद्यकात नमूद आहेत. अशा बाळंतिणीला लघवीला होत नाही, झाली तर रक्तमिश्रित चार थेंब होते, पोट फुगत जाते आणि दुखू लागते. पोटाच्या पोकळीत सांडलेले मूत्र रक्तात पुन्हा शोषले जात असल्यामुळे रक्तातील क्रिएटिनिन वाढते, आणि वैद्य सावध नसला तर मूत्रपिंडेच निकामी झाली अशी त्याची समजूत होऊन उपचार भलत्याच दिशेला जातात. सूतिकागृहात अशा वेळी शंका येणे हेच अर्धे निदान होय. मूत्राशयात नळीवाटे क्ष-किरणांना दिसणारे द्रव्य भरून चित्र घेतले, की ते द्रव्य कोठून बाहेर सांडते हे स्पष्ट दिसते. फाट लहान असून उदरपोकळीच्या बाहेर असेल, तर मूत्राशय नळीने सतत रिकामे ठेवल्यास सुमारे दोन आठवड्यांत ती आपोआप भरून येते. फाट उदरपोकळीत उघडत असेल, तर मात्र पोट उघडून ती दुहेरी टाक्यांनी शिवावी लागते आणि त्यानंतरही नळी काही दिवस ठेवावी लागते. हा उपचार आज कोणत्याही सुसज्ज इस्पितळाच्या आवाक्यातला आहे. तो आवाक्यात येण्यापूर्वी काय घडले, हाच या लेखाचा विषय आहे.

प्राचीन वैद्यकाला या संकटाची जाण नव्हती असे नाही. सुश्रुतसंहितेत मूढगर्भाचे, म्हणजे वाटेत अडकलेल्या गर्भाचे, निदान आणि चिकित्सा यांसाठी स्वतंत्र अध्याय आहेत. त्यांत मृत गर्भाची क्षणभरही उपेक्षा करू नये असे निक्षून सांगितले आहे, जिवंत गर्भावर शस्त्र चालविण्यास मनाई केली आहे, आणि असे अवघड कर्म आरंभण्यापूर्वी वैद्याने अधिपतीची अनुज्ञा घ्यावी असाही दंडक घातला आहे. या तीन आज्ञांपैकी पहिलीत विलंबाचा धोका ओळखला आहे. तिसरीत स्त्रीच्या देहाविषयीचा निर्णय दुसऱ्याच्या हुकमावर सोपविला आहे. पुढच्या शतकांचा वृत्तान्त वाचताना या दोन्ही गोष्टींचे स्मरण ठेवावे लागते. अकराव्या शतकाच्या प्रारंभी इब्न सीना या महावैद्याने आपल्या ग्रंथात याहून पुढचे पाऊल टाकले. कोवळ्या वयात लग्न झालेल्या आणि मूत्राशयाने दुर्बळ असलेल्या स्त्रियांना गर्भधारणा होऊ न देण्याचे उपाय वैद्याने सांगावेत, कारण बालकाच्या भाराने मूत्राशय फाटून मूत्र अनावर होते आणि ते मरेपर्यंत बरे होत नाही, अशा अर्थाचे त्याचे प्रतिपादन आहे. रोगाचे मूळ मुलीच्या वयात आहे हे त्याने सुमारे हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेविले होते. आणि हा रोग असाध्य आहे हा त्याचा निर्वाळा पुढची सहा शतके कोणी खोडू शकले नाही.

तो खोडण्याचा पहिला शास्त्रशुद्ध विचार हॉलंडात झाला. अ‍ॅमस्टरडॅमचे शल्यवैद्य हेंड्रिक फान रोनहाउझे यांनी १६६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रुग्णेला कसे निजवावे, योनिमार्ग उघडून छिद्र कसे पाहावे, छिद्राच्या कडा ताज्या करून त्या हंसाच्या पिसाच्या कांड्या टोचून व रेशमी दोऱ्याने आवळून कशा जुळवाव्यात, हे क्रमवार सांगितले. बाझेल येथील योहानेस फाटिओ यांनी १६७५ साली याच रीतीने शस्त्रक्रिया केल्याचे नमूद आहे. परंतु नगरातील राजकीय बंडाळीत १६९१ साली त्यांचा शिरच्छेद झाला आणि त्यांचा ग्रंथ १७५२ पर्यंत छापला गेला नाही. ज्ञान असे कागदात अडकून पडले की त्याची फळे चाखण्यास रुग्ण उरत नाहीत. १८३८ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतात जॉन पीटर मेटॉअर यांनी शिशाच्या तारेने एक नाडीव्रण यशस्वीपणे शिवला, तरीही सर्वसाधारण वैद्यवर्गाच्या लेखी ही व्याधी असाध्यांच्या यादीतच राहिली. कारण एखादे यश आणि खात्रीची रीत यांत फार अंतर असते.

ती रीत ज्या ठिकाणी सिद्ध झाली, ते ठिकाण आणि तो काळ यांच्याकडे मात्र सावकाश पाहिले पाहिजे. अलाबामा प्रांतातील मॉन्टगोमेरी या कापूसबाजाराच्या गावी जेम्स मॅरियन सिम्स नावाचा बत्तीस वर्षांचा वैद्य व्यवसाय करीत होता. १८४५ च्या उन्हाळ्यात त्याला एका मळ्यावर बोलावणे आले. अनार्का नावाची सतराएक वर्षांची गुलाम मुलगी तीन दिवस अडून पडली होती. सिम्सने चिमट्याने मृत बालक बाहेर काढले. काही दिवसांतच अनार्काचे मूत्र आणि मळ दोन्हीही अनावर झाले. त्याच सुमारास बेट्सी आणि ल्यूसी या आणखी दोन तरुण गुलाम स्त्रिया हीच व्यथा घेऊन त्याच्याकडे पाठविल्या गेल्या. या व्याधीवर इलाज नाही असे सांगून तो ल्यूसीला परत धाडण्याच्या बेतात असतानाच घोड्यावरून पडलेल्या एका गोऱ्या स्त्रीवर उपचार करताना त्याच्या ध्यानात आले, की रुग्णा गुडघे आणि छाती टेकून ओणवी राहिली असता हवेच्या दाबाने योनिमार्ग फुगून उघडतो. त्याने बाजारातून कथिलाचा एक मोठा चमचा आणला, त्याचा दांडा वाकविला, आणि त्याच्या साहाय्याने बेट्सीच्या योनिमार्गाची भिंत बाजूला धरली. तोवर बहुतेक वैद्यांनी ज्या छिद्राचा केवळ बोटाने अंदाज घेतला होता, ते आता लख्ख उजेडात डोळ्यांसमोर आले. आजही जगभर स्त्रीरोगचिकित्सेत वापरले जाणारे सिम्सचे वाकडे उपकरण त्या चमच्यापासूनच निघालेले आहे.

त्यानंतर त्याने घराच्या पाठीमागे एक लहानसे इस्पितळ उभारले आणि अशा गुलाम स्त्रियांच्या मालकांशी करार केला: अन्न आणि निवारा आपण पुरवू, वस्त्रे आणि सरकारी कर मालकांनी पाहावेत, आणि त्या मुदतीत शस्त्रक्रियेचा अधिकार आपल्याकडे राहावा. आफ्रिकेतून नवे गुलाम आणण्यावर अमेरिकेत १८०८ पासून बंदी असल्यामुळे गुलाम स्त्रीचे गर्भाशय ही मालकाच्या मिळकतीची वाढ करणारी वस्तू झाली होती. तिच्या दुरुस्तीत मालकाचा उघड आर्थिक स्वार्थ होता. त्या स्त्रियांनी आपखुशीने संमती दिली, असे सिम्सने पुढे लिहिले. त्या स्वतः या यातनेतून सुटण्यास अधीर होत्या हे मानण्यास प्रत्यवाय नाही. परंतु जिला कायद्याने ‘नाही’ म्हणण्याचा अधिकारच नव्हता, तिच्या ‘हो’ची किंमत किती धरावी, हा प्रश्न इतिहासाने विचारलाच पाहिजे.

पहिली शस्त्रक्रिया ल्यूसीवर झाली. गावातील डझनभर वैद्य ती पाहावयास जमले होते. ल्यूसी गुडघ्यांवर ओणवी राहिली, आणि गुंगीच्या औषधाविना तासभर तिच्या छिद्राच्या कडा कापणे आणि टाके घालणे चालू होते. टाके ओले होऊ नयेत म्हणून सिम्सने मूत्रमार्गातून रेशमी दोऱ्यासह स्पंजाचा तुकडा आत ठेविला. त्या स्पंजाने पाच दिवसांत रक्तदोष होऊन ल्यूसी मरणाच्या दारात गेली. स्पंज खडबडीत होऊन रुतून बसला होता आणि तो ओढून काढावा लागला, एवढे सांगितले तरी तिच्या वेदनेची कल्पना यावी. छिद्र आकाराने लहान झाले, पण बुजले नाही. पुढची चार वर्षे तिच्यावर, बेट्सीवर, अनार्कावर आणि आणखी काही स्त्रियांवर, ज्यांची नावे सिम्सने लिहून ठेविली नाहीत, अशा शस्त्रक्रिया होत राहिल्या. १८४६ च्या ऑक्टोबरात बोस्टनमध्ये ईथरची गुंगी जाहीरपणे सिद्ध झाली, तरी मॉन्टगोमेरीच्या त्या खोलीत ती पोहोचली नाही. ही शस्त्रक्रिया गुंगीचा खटाटोप करण्याइतकी वेदनादायक नाही, असे सिम्सचे मत होते. कंटाळलेले सहव्यवसायी वैद्य येईनासे झाले, तेव्हा त्या रुग्णा स्त्रियाच एकमेकींना धरून ठेवू लागल्या, हत्यारे हाती देऊ लागल्या, जखमांची निगा राखू लागल्या. ज्या ज्ञानाची कीर्ती एका पुरुषाच्या नावावर जमा झाली, ते ज्ञान आपल्या देहाने सोसणाऱ्या आणि आपल्या हातांनी राबविणाऱ्या या स्त्रियाच होत्या.

अपयशाचे कारण टाक्यांत होते. रेशमी दोरा मूत्रात भिजला की तेथे पू धरतो आणि कडा पुन्हा सुटतात. सिम्सने एका सोनाराकडून चांदीची बारीक तार काढून घेतली, ती शिशाच्या छिद्रयुक्त छऱ्यांनी आवळण्याची युक्ती योजिली आणि स्पंजाच्या जागी वाकडी, आपोआप आत टिकून राहणारी नळी मूत्राशयात ठेविली. १८४९ च्या उन्हाळ्यात अनार्कावरील तिसाव्या शस्त्रक्रियेनंतर तिचे छिद्र पूर्णपणे मिटले. उजेडात दिसणारे छिद्र, ताज्या केलेल्या कडा, न कुजणारा धातूचा टाका आणि नळीने सतत कोरडे ठेविलेले मूत्राशय, या चार गोष्टी एकत्र आल्या आणि असाध्य म्हणविणारी व्याधी साध्य झाली. १८५२ साली हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. १८५५ साली सिम्सने न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांचे इस्पितळ काढले, तेव्हा तेथे आलेल्या पहिल्या रुग्णांत दुष्काळातून पळून आलेल्या गरीब आयरिश स्त्रियांचा मोठा भरणा होता; दारिद्र्य आणि हा रोग यांचे नाते तेथेही सुटले नाही. याच इस्पितळातील टॉमस अ‍ॅडिस एमेट यांनी १८६८ च्या आपल्या ग्रंथात रुग्णांच्या नोंदी पुढे ठेवून दाखवून दिले, की या दुखापतीचा दोष हत्यारांवर ठेविला जात असला, तरी खरे कारण प्रसूतीत होऊ दिलेला विलंब हेच आहे. माझ्या मते सिम्सच्या चांदीच्या टाक्याइतकेच एमेट यांचे हे निरीक्षण मोलाचे आहे.

न्यूयॉर्कमध्ये सिम्सचा पुतळा उभारला गेला आणि १९३४ पासून तो सेंट्रल पार्कच्या कडेला उभा होता. २०१८ च्या एप्रिलमध्ये नगरपालिकेने तो तेथून हलविला. जिथे हे सारे घडले, त्या मॉन्टगोमेरीत २०२१ साली मिशेल ब्राउडर या शिल्पकर्तीने टाकाऊ धातूंतून अनार्का, ल्यूसी आणि बेट्सी यांच्या उंच प्रतिमा उभ्या केल्या. सिम्सचे कौशल्य नाकारावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु दीडशे वर्षे एकाच पारड्यात टाकलेले श्रेय आता काही अंशी योग्य जागी गेले, हे इष्टच झाले.

सिम्स मॉन्टगोमेरीत पहिली शस्त्रक्रिया करीत होता, त्याच १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजाची स्थापना झाली. परंतु पाश्चात्त्य शस्त्रविद्या आली तरी येथील बाळंतघरात तिचा शिरकाव होण्यास आणखी चार दशके लागली; परपुरुष वैद्याला दाखविण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टरच हव्या होत्या. १८८६ साली मुंबईत कामा इस्पितळ सुरू झाले, आणि त्याच साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. कामा इस्पितळाच्या प्रमुख एडिथ पीची यांनी १८९० साली मुंबईतील हिंदूंपुढे बालविवाहाविरुद्ध व्याख्यान दिले, आणि देशभरातील स्त्री-डॉक्टरांनी बालवधूंना झालेल्या दुखापतींच्या कैफियती सरकारपुढे ठेविल्या. १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन ती मर्यादा दहावरून बारा वर्षांवर आली, तेव्हा महाराष्ट्रात रणे माजली. भांडारकरांनी शास्त्राधार देऊन सुधारणेची बाजू मांडली, टिळकांनी परकीय सरकारच्या हस्तक्षेपाला कडाडून विरोध केला. त्या वादाच्या गदारोळात स्मृतिवचने पुष्कळ ऐकू आली. अर्धवट वाढलेल्या कटीरात बालकाचे मस्तक अडकले म्हणजे काय होते, हे सांगणारा स्त्री-डॉक्टरांचा आवाज त्या मानाने क्षीणच राहिला. इब्न सीनाने जे जाणले होते, ते सुमारे नऊ शतकांनंतरही बहुतांस ऐकावयाचे नव्हते.

विसाव्या शतकात या शस्त्रक्रियेचे केंद्र पुन्हा नाईलच्या काठी आले. कैरोतील कस्र अल्-ऐनी इस्पितळात नगीब महफूझ पाशा यांनी असे शेकडो नाडीव्रण शिवले; त्यांनीच ज्याची अवघड प्रसूती पार पाडली त्या मुलाला आईबापांनी त्यांचेच नाव दिले, आणि तो मुलगा पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारा कादंबरीकार झाला. जर्मनीत हाइनरिख मार्टियस यांनी १९२८ साली शिवलेल्या जागेवर बाजूच्या मेदाची रक्तवाहिन्यांसह पट्टी बसविण्याची रीत काढली, म्हणजे निर्जीव झालेल्या प्रदेशाला नवे रक्त मिळू लागले. ऑक्सफर्डचे चेसर मॉयर यांनी निदानाची एक साधी कसोटी रूढ केली, ती खेड्यातील दवाखान्यातही करता येते. योनिमार्गात कापसाचे तीन बोळे एकापुढे एक ठेवावेत, मूत्राशयात नळीने निळ्या रंगाचे पाणी भरावे, रुग्णेला थोडे चालावयास लावावे आणि बोळे काढून पाहावेत. सर्वांत बाहेरचाच निळा झाला, तर गळती मूत्रमार्गाच्या तोंडाशी; मधला निळा झाला, तर छिद्र मूत्राशयात; आणि सर्वांत आतला बोळा ओला झाला पण निळा झाला नाही, तर मूत्रपिंडाकडून येणारी मूत्रवाहिनीच दुखावली आहे असे समजावे. छिद्र ताजे आणि लहान असेल, तर काही आठवडे नळी ठेवूनच ते पुष्कळदा मिटते, हेही ध्यानात ठेविले पाहिजे. ज्या बाळंतिणीला ओलेपण जाणवताच पहिल्या काही दिवसांत दवाखान्यात आणले जाते, तिची शस्त्रक्रियाही टळू शकते.

१९५९ साली ऑस्ट्रेलियाच्या कॅथरिन हॅम्लिन आणि न्यूझीलंडचे रेजिनल्ड हॅम्लिन हे डॉक्टर दांपत्य तीन वर्षांच्या करारावर इथिओपियात आदिस अबाबा येथे सुइणींचे विद्यालय काढण्यास गेले आणि आजन्म तेथेच राहिले. डोंगराळ प्रदेशातून दिवसेंदिवस चालत, बसमधून उतरविल्या गेलेल्या, अशा स्त्रिया त्यांच्या दारी येऊ लागल्या, आणि १९७४ साली केवळ याच व्याधीसाठी त्यांनी स्वतंत्र इस्पितळ उभारले. चार दिवस अडून मृत बालक प्रसवलेली मामितू गाशे ही किशोरवयीन, निरक्षर मुलगी १९६२ च्या सुमारास तेथे आली. बरी झाल्यावर ती प्रथम खाटा आवरू लागली, मग शस्त्रक्रियेत हत्यारे देऊ लागली, मग स्वतः टाके घालू लागली. आणि १९८९ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने शल्यकर्मातील कर्तबगारीबद्दल हॅम्लिन दांपत्यासोबत तिलाही सुवर्णपदक दिले. मॉन्टगोमेरीत रुग्णा स्त्रिया हत्यारे देत होत्या, पण त्यांच्या हातांना मान मिळाला नाही. आदिस अबाबात तो मिळाला. या दोन घटनांमधील अंतर हेच वैद्यकाच्या नैतिक प्रगतीचे खरे माप आहे. कॅथरिन हॅम्लिन २०२० साली निवर्तल्या, तोपर्यंत त्यांच्या संस्थेने साठ हजारांहून अधिक स्त्रियांना बरे केले होते; त्याआधीच, २००७ साली, त्यांनी सुइणींचे महाविद्यालय काढले होते, कारण शिवण्यापेक्षा फाटू न देणे श्रेष्ठ हे त्यांनी अर्धशतकाच्या अनुभवाने जाणले होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी पन्नास हजार ते एक लाख स्त्रियांना हा नाडीव्रण होतो, आणि त्या बहुतेक सर्व आफ्रिका व आशिया खंडांतील गरीब स्त्रिया असतात. श्रीमंत देशांतून हा अडलेल्या बाळंतपणाचा रोग जवळजवळ नाहीसा झाला, तो अधिक चांगल्या टाक्यांमुळे नव्हे. अडलेल्या बाईला वेळेवर शस्त्रक्रिया मिळू लागली म्हणून. सुश्रुताची ‘क्षणभरही उपेक्षा नको’ ही आज्ञा, इब्न सीनाचा कोवळ्या वयाविषयीचा इशारा आणि एमेट यांच्या नोंदी या तिन्हींचा निष्कर्ष एकच आहे.

म्हणून वाचकांना, विशेषतः ज्यांच्या घरी लेकीसुना बाळंतपणाला आहेत त्यांना, इतकेच विनवावयाचे आहे: कळा सुरू होऊन बारा तास लोटले आणि बाळंतपण पुढे सरकेना, तर वाट पाहू नका, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळात तिला न्या. बाळंतपणानंतर लघवी झाली नाही, पोट फुगू लागले, किंवा लघवी अनावर झिरपू लागली, तर ‘बाळंतपणात असे होतेच’ म्हणून ते झाकू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. आणि वर्षानुवर्षे हे दुखणे घेऊन कोपऱ्यात बसलेली एखादी मावशी, आत्या किंवा शेजारीण तुमच्या माहितीत असेल, तर तिला सांगा की ही व्याधी असाध्य राहिलेली नाही.